फाटक्या कोपऱ्याचं पत्र

मुर्री
१ ऑगस्ट २०२५

चि. हुकुम,

तुला आणि रुख्माला आशीर्वाद. घरातल्या तिसऱ्याला काही नाही.

सोबत राखी आहे. पोस्टाने पाठवायचं हे सातवं वर्ष. मुर्रीला लागून असलेल्या गोंदियाहून सौंदड गाडीने सव्वा तासाचा रस्ता, आणि माझ्या राखीला पाच दिवस लागतात. चौतीस वर्षं पोस्टमास्तरकी करून तू खातं किती पुढे नेलंस ते यावरून कळतं. फोनवर बोलावं तर मला ऐकू येत नाही आणि तुला मोबाइल हातात धरवत नाही. मागे तिलकने फोन लावून दिला तर आपण दोघं बहीण-भाऊ दहा मिनिटं नुसते हॅलो हॅलो ओरडत होतो आणि शेजारीपाजारी भांडण बघायला जमले. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

आता विचारायचं ते विचारते. ते अजून आहे का?

चौदा वर्षं झाली रे. कोणीतरी पोस्टाच्या ओट्यावर खोक्यात टाकून गेलं. तू मालकाची वाट बघत तीन दिवस सांभाळलंस, नाव ठेवलंस पार्सल, आणि परत पाठवायला पत्ता नाही म्हणून घरी घेऊन गेलास. तिथवर ठीक होतं. पण माझ्या तिलकच्या लग्नात त्याला आणायची काय गरज होती? आणलं ते आणलं, त्याने चारशे माणसांसमोर मांडवाच्या मुहूर्तमेढीवर पाय वर केला. मुलीकडची आत्या बरोबर समोरच्या खुर्चीवर. मी म्हटलं, "ह्याले बाहेर काढ." तू नवरदेवाचा सख्खा मामा, आणि म्हणालास काय, "पार्सल जाईन त मामा बी जाईन." आणि खरंच गेलास. अंतरपाट धरायला मला शेजारच्या हेमेंद्रला उभं करावं लागलं. त्याने तो तिरका धरला, अल्बममध्ये आहे.

तेव्हा मी जे बोलले ते बोलले. ते कुत्रं त्या घरात जिवंत आहे तोवर सौंदडच्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. चारशे माणसांनी ऐकलं. मला वाटलं, कुत्रं ते कुत्रं, दोन-तीन वर्षं जगेल. ते तर सरकारी नोकरीत असल्यासारखं जगून राहिलं.

मला चौऱ्याहत्तरावं लागलं हुकुम. गुडघे वाजतात. मरायच्या आधी एकदा माहेरच्या अंगणात बसून तुझ्या बायकोच्या हातचा कडक चहा प्यायचा आहे. आधी ते जातं की मी, एवढाच प्रश्न आहे. काय ते कळव.

तुझी बाई


सौंदड
११ ऑगस्ट २०२५

ती. बाईस,

नमस्कार करतो, पण वाकून नाही. मांडीवर पार्सलचं डोकं आहे आणि मी हललो की तो कुरकुरतो.

राखी चार दिवसांत पोचली, पाच नाही. खात्याची बदनामी करू नये. तुझ्या वतीने रुख्माने बांधली. तासाभरात तिचा गोंडा पार्सलने खाल्ला. हल्ली त्याला कागद-दोऱ्याची भारी चटक लागली आहे. मागच्या आठवड्यात रुख्माचं पंचांग सापडलं, त्यातला भाद्रपद आणि आश्विन पूर्ण खाल्ला. यंदा गणपती केव्हा बसतात ते शेजारी विचारावं लागणार. दात चारच उरलेत, पण कागदाला पुरतात. पोस्टात वाढलेला कुत्रा आहे, संस्कार जात नाहीत.

तू विचारलंस म्हणून सांगतो, त्याची तब्येत उत्तम आहे. कान जड झाले, पण ते आपल्या घराण्यातच आहे. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, माझ्या दोन्हीत आहे. म्हणजे माझ्यापेक्षा तो बरा. अजून दहा वर्षं सहज काढेल. तू गुडघ्याला तेल लावत राहा.

लग्नाचं पुन्हा काढलंस म्हणून मीही काढतो. अंगणाच्या मधोमध लाकडी मेढ पुरली, तिच्यावर पाणी शिंपडलं, आणि कुत्र्याने काय समजावं? त्याला लग्नपत्रिका वाचता येत नव्हती. त्याने कुत्र्याचं काम केलं. तू मात्र सख्ख्या भावाला चारशे माणसांत "याले घेऊन चालता हो" म्हणालीस. हे तू दरवेळी पत्रातून गाळतेस. मी ते विसरलेलो नाही आणि अंतरपाट तिरका धरला गेला याचं मला जरासुद्धा वाईट वाटत नाही.

ये म्हणून मी सांगणार नाही. शपथ तुझी, तू जाण.

धानाची रोवणी आटोपली. शेत हिरवं आहे.

तुझा हुकुम


मुर्री
२१ ऑगस्ट २०२५

चि. हुकुम,

खोटं बोलायला शीक, मग पत्र लिही.

तुझी रुख्मा परवा आमच्या रिंकीशी फोनवर अर्धा तास बोलली. माझ्या सुनेला काही सांगितलं की ते सगळ्या मुर्रीला कळतं, मग मला का नाही कळणार? कुत्र्याचे मागचे पाय गेलेत. ओट्याची पायरी चढवत नाही. सकाळ-संध्याकाळ तू त्याला दोन्ही हातांवर उचलून धानाच्या बांधीपर्यंत नेतोस, त्याचं आटोपलं की परत आणतोस. अडुसष्ट वर्षांचा बाप्या, हर्नियाचं ऑपरेशन झालेला, तीस किलोचं कुत्रं कडेवर घेऊन भर रस्त्याने जातो आणि लोक बघतात. आपल्या बापाला शेवटी इतकं उचललं होतंस का? उचललं होतंस, मला माहीत आहे. पण म्हणून कुत्र्याला?

रुख्मा म्हणे, भात आधी तू चावतोस आणि मग त्याला देतोस. हे वाचून तिकडे हसू नको, इकडे मला जेवण गेलं नाही.

हेमेंद्र खताच्या कामाने तिकडे येतो आहे, त्याच्या हाती एक गोधडी पाठवते. माझ्या जुन्या पातळांची आहे, मीच शिवलेली. फेकायचीच होती. तुझ्या गुडघ्यांसाठी आहे, दुसऱ्या कोणाच्या कुल्ल्यांसाठी नाही. चांगली दुहेरी भरली आहे, खालचा गारवा लागत नाही. तुला म्हणते आहे.

आणखी एक. ते गेलं की मला साधं पत्र टाक. तुझं काही सांगता येत नाही म्हणून बजावते, कुत्र्यासाठी मरणाच्या पत्रासारखा कोपरा फाडून पाठवू नको. फाटका कोपरा माणसासाठी असतो. आमचा पोस्टमन चैतराम जुन्या वळणाचा आहे, बिचारा घाबरून सायकलीवरून पडेल.

बाई


सौंदड
५ सप्टेंबर २०२५

ती. बाईस,

गोधडी पोचली. माझ्या गुडघ्यांना ती कशी आहे ते सांगता येणार नाही, कारण हेमेंद्रने खाली ठेवली आणि मी त्याला पाणी द्यायला आत गेलो, तेवढ्यात पार्सल तिच्यावर जाऊन पडला होता. सरकत सरकत गेला, कसा ते त्याचं त्याला माहीत. तासभर तुझ्या पातळाचा वास घेत होता. आता ती उंबऱ्यातच अंथरली आहे. तो दिवसभर तिथेच आडवा असतो, आत-बाहेर दोन्हीकडे त्याला लक्ष ठेवता येतं. तुझ्या शपथेलाही सोपं झालं. उंबऱ्यात पाय ठेवायला आता जागाच नाही.

कोपऱ्याचं तू मला शिकवू नको. फाटक्या कोपऱ्याची पत्रं मी चौतीस वर्षं वाटली आहेत. पत्र हातात देताना तोंडाकडे बघायचं नाही, देऊन थांबायचं नाही. घरात न्यायचं नाही, अंगणात उभ्याने वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं. लोक कोपरा बघूनच रडायला लागत, आत काय लिहिलं आहे ते नंतर. एकदा एकाने नुसता चुकून फाटलेला कोपरा बघून केस उतरवले होते, आणि आत लिहिलं होतं की बैल विकला.

आता खरं लिहितो. सोमवारी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं, जागेश्वर नाव आहे. आयुष्यभर बैल-म्हशीच बघितलेला माणूस. आला आणि पार्सलच्या वशिंडाची जागा चाचपून बघू लागला. दात मोजले. "नांगराले कधी जुंपला होता का?" असं विचारलं नाही एवढंच. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "म्हातारं झालं जी ते. कायले ओढून राहिले? एक सुई देतो, झोपून जाईन." मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मी बी म्हातारा होऊन राहिलो. मले पण देऊन टाका एक." तो चहा न घेता गेला. रुख्मा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बाई, मी कात्रीत सापडलो आहे. सुई दिली तर तू येशील. सुई नाही दिली तर तू येणार नाहीस, आणि तुझे गुडघे वाट बघत बसणार नाहीत. रोज सकाळी उठून त्याचा श्वास चालू आहे का बघतो, चालू असला की बरं वाटतं, आणि लगेच वाटतं की आजही बाई येत नाही. हे काय जगणं आहे? सात वर्षांत तुला एकदाही वाटलं नाही का, की चारशे माणसांपैकी निम्मी आता मेलीसुद्धा, शपथ कोणाला आठवते?

हुकुम


मुर्री
१५ सप्टेंबर २०२५

चि. हुकुम,

मला आठवते. तेवढं पुरे आहे.

निम्मी मेली असतील, उरलेली निम्मी माझ्याच गल्लीत राहतात. मुन्नीबाईने कुत्र्यापुढे हार मानली, असं माझं नाव घेऊन ती पाण्याच्या नळावर बोलतील. रिंकीची आत्या अजून जिवंत आहे आणि दर दिवाळीला इथे येऊन विचारते, "तुमचा भाऊ नाही दिसत?" मी म्हणते, तो पोस्टात असतो. ती म्हणते, रिटायर नाही झाला? या बाईसमोर मी शपथ मोडू?

आणि तू तरी कुठे आलास? उंबऱ्याची शपथ मी घेतली, तू तर घेतली नव्हतीस. सहा भाऊबिजा ओवाळणीचं ताट मांडून मी दाराकडे बघत बसले. दरवर्षी तुझं एकच, पार्सलला एकटं ठेवता येत नाही. त्याला एकटं ठेवता येत नाही, बहिणीला येतं.

सुई देऊ नको. त्याच्यासाठी म्हणत नाही. ज्या माणसाला कुत्र्याला वशिंड नसतं हे माहीत नाही, त्याच्या हातची सुई मी कोंबडीलाही देऊ देणार नाही. भात चावून देत बसू नको, पेज कर. पातळ, कोमट, चिमूटभर मीठ आणि तुपाचा एक थेंब. बोटाने ओठाच्या आत लाव, वाटी पुढे ठेवून म्हाताऱ्यांना पिता येत नाही. तुपाने त्याला हगवण लागली तर तू आणि तो, मला पत्र लिहू नको.

जाता जाता एक विचारते. तिलकच्या लग्नाच्या आधी मी तिकडे यायचे आणि ओसरीत तांदूळ निवडत बसायचे, तेव्हा ते येऊन माझ्या पायावर डोकं ठेवायचं आणि मला उठू द्यायचं नाही. चूल पेटवायला उशीर व्हायचा आणि रुख्मा ओरडायची. अजून ठेवतं का कोणाच्या पायावर डोकं? नुसतं विचारते.

बाई


सौंदड
२९ सप्टेंबर २०२५

ती. बाईस,

पेज चालली. चार दिवस चालली, मग तीही बंद केली. आज तिसरा दिवस, पाणी तेवढं जिभेला लावतो.

पायावर डोकं कोणाच्याच ठेवत नाही. माझ्या मांडीवर ठेवतो ते मी उचलून ठेवतो म्हणून. स्वतःहून फक्त तुझ्याच पायावर ठेवायचा. तेव्हा मला राग यायचा, भात मी घालतो आणि लाड तुझे. लिहायचं नव्हतं, लिहिलं.

धान लोंबीला आलं. पाखरं येतात, तो नुसता कान हलवतो.

काल रुख्माने जुन्या वहीचा एक कागद त्याच्यासमोर धरला. तो मात्र त्याने थोडा चघळला. कागद अजून आवडतो. त्यामुळे आशा आहे असं मी रुख्माला सांगितलं. तिने वहीचा आणखी एक कागद फाडला.

त्याच्याजवळ उंबऱ्यात बसूनच लिहितो आहे. रुख्मा चहाला हाक मारते आहे. हे पत्र इथेच ठेवून चहा घेऊन येतो, मग चिकटवतो. सायंकाळच्या टपालात जाईल.

हुकुम


मुर्री
१२ ऑक्टोबर २०२५

चि. हुकुम,

काल रात्री सुखरूप पोचले. आता तुझा समाचार घेते.

तिकडचं तू बघितलंस, इकडचं तुला माहीत नाही. शुक्रवारी सकाळी चैतराम आला. सायकल फाटकाबाहेरच उभी केली, टोपी काढली आणि म्हणाला, "माय, जरा बसून घ्या." हातात तुझं अंतर्देशीय, आणि त्याचा कोपरा नाही! रिंकी कढईत पुऱ्या तळत होती, ती बाहेर आली, कोपरा बघितला आणि असा हंबरडा फोडला की मलासुद्धा ऐकू आला. "मामा गेले वो माय!" गल्ली जमली. तिलकने रुख्माचा मोबाइल लावला, तो बंद. मग तर सगळ्यांची खात्रीच पटली.

तेवढ्यात हेमेंद्र पत्राचा पत्ता वाचून म्हणतो, "अक्षर त मामाचंच दिसून राहिलं. मेलेला माणूस पत्ता कायले लिहीन?" मग रिंकी म्हणाली, "म्हणजे मामी गेल्या!" आणि पुन्हा सुरुवात. कोणीतरी म्हणालं पत्र उघडा. मी म्हटलं, उघडून काय बघायचं, कोपरा दिसत नाही का? आणि पत्र कमरेला खोचलं.

हेमेंद्रच्या जीपमध्ये अकरा माणसं बसली. डावीकडचे तुझ्यासाठी रडत होते, उजवीकडचे रुख्मासाठी. गोरेगावला पांढरं कापड घेतलं. कोहमाऱ्याला चहा प्यायला थांबलो, कारण रडून सगळ्यांचे घसे सुकले होते. हेमेंद्रने भजी पण मागवली. मी त्याला तिथे काही बोलले नाही.

आणि पोचतो तर काय! तू अंगणात खुर्ची टाकून अर्ध्या गालाला साबण लावून दाढी करतो आहेस आणि रुख्मा भेंड्या चिरते आहे. वरून विचारतोस, "काऊन रडून राहिले तुम्ही? कोण गेलं?" रिंकीला रडणं थांबवताच येईना, ती आणखी पाच मिनिटं जिवंत मामीच्या गळ्यात पडून रडली. कापडाचं काय करायचं ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

माझ्याबद्दल एवढंच लिहिते की माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि समोरचं काही दिसत नव्हतं, म्हणून चुकून उंबरा ओलांडला गेला. ही शपथ मोडणं नव्हे. कोणी विचारलं तर असंच सांगायचं.

त्याने डोकं ठेवलं. तू बघितलंस. आधी नाक लावलं, मग कान हलवला, मग हळूच मान टाकली माझ्या पावलावर. मी खाली बसले ती दुपार टळेपर्यंत उठले नाही. अकरा माणसं जेवून उठली, मला रुख्माने तिथेच ताट आणून दिलं, आणि माझ्या बोटावरची पेज त्याने प्यायली. त्याची हाडं लागत होती पायाला. मी मोठ्याने रडले. कुत्र्यासाठी रडले, सगळ्यांसमोर रडले, लिहूनच टाकते म्हणजे तुला टोमणे मारायला सोपं जाईल.

आठ दिवस राहिले तेवढ्यात तुझ्या अंगणातल्या मोरीची अवस्था बघितली. ती घासून घे. आणि कोपरा कसा फाटला ते विचारल्यावर "त्यानं चावला असन" एवढंच म्हणून तू गोठ्यात गेलास. चौतीस वर्षांच्या पोस्टमास्तराला पत्र टाकताना फाटका कोपरा दिसत नाही? मोतीबिंदूचं ऑपरेशन कर.

बाई


सौंदड
३१ ऑक्टोबर २०२५

ती. बाईस,

पार्सल मंगळवारी सकाळी गेला.

तू गेल्यावर तीन दिवस दाराकडे तोंड करून होता. मग फिरवलं. पेज घेत होता, पण माझ्या बोटावरची घेताना उपकार केल्यासारखी घ्यायचा. सोमवारी संध्याकाळी त्याला बांधीवर नेलं, तेव्हा हातात काही वजनच नव्हतं. मंगळवारी रुख्माने उंबरा झाडायला त्याला थोडं सरकवलं आणि तिला कळलं. तिने मला हाक मारली नाही, झाडू बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसून राहिली. मी दात घासून आलो तेव्हा मला दिसलं.

तुझ्या गोधडीतच गुंडाळला आणि बांधीच्या कोपऱ्यावर, रोज नेत होतो तिथेच, ठेवला. धान कापायला आलेल्या बायांनी विळे खाली ठेवले. जागेश्वर डॉक्टर रस्त्याने जात होता, गाडी थांबवून उतरला आणि दोन ढेकळं टाकून गेला. तो माणूस वाईट नाही. मी घोळक्यात ओरडून रडलो बाई. तुझ्यापेक्षा मोठ्याने.

भाऊबीजेला आलो नाही, कारण तुला माहीत आहे.

आता तो नाही, तर एक सांगून टाकतो. कोपरा मला दिसला होता. चहा पिऊन आलो तेव्हा तो चघळत होता, तीन दिवसांनी आपणहून काहीतरी तोंडात घेतलं म्हणून मी आधी त्याला चघळू दिलं. मग पत्र हातात घेतलं. पत्र दुसरं लिहायचं हे मला कळत होतं. पण फाटका कोपरा बघून तू काय करशील तेही कळत होतं. अर्धा तास उंबऱ्यात बसलो. तू आलीस आणि तो नसला, तर मला तुझं तोंड बघवणार नव्हतं. मग पेटीत टाकलं. रुख्माचा मोबाइल बंद करून धानाच्या कोठीत लपवला आणि तिला सांगितलं बिघडला. पाच दिवस ती मेकॅनिककडे जायचं म्हणत होती, पाच दिवस मी तिला थोपवलं. अकरा माणसं रडवली. चौतीस वर्षांत टपालाशी असा खेळ केला नव्हता. तुला माझ्या नावाने आणखी सात वर्षं शपथ घ्यायची असेल तर घे.

फक्त एक गोष्ट मला कळली नाही. अंगणात मी जिवंत बसलो होतो, तोंडाला साबण लावून का होईना. रुख्माही होती. तू आमच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. जीपमधून उतरलीस आणि सरळ उंबऱ्याकडे जात विचारलंस, "आहे ना?"

या पत्राचा कोपरा मी फाडलेला नाही. तू बजावलं होतंस म्हणून नाही. काल पत्र त्याच्या जागेजवळ ठेवून चहाला गेलो, परत आलो तर जसंच्या तसं होतं.

हुकुम


मुर्री
६ नोव्हेंबर २०२५

चि. हुकुम,

तुझं पत्र शाबूत कोपऱ्याने आलं. चैतरामने टोपी न काढता दिलं आणि हसला. मी अंगणात उभ्याने वाचलं. मग त्याचा कोपरा मी माझ्या दातांनी फाडला. माझे पाच उरले आहेत, त्याच्यापेक्षा एक जास्त. मी म्हटलं होतं खरं, फाटका कोपरा माणसासाठी असतो. म्हटलं होतं तर म्हटलं होतं. रिंकीने बघितलं आणि तिलकला जाऊन सांगितलं की आईंचं डोकं फिरलं.

तू स्वतःला फार हुशार समजतोस. मोतीबिंदू तुझ्या डोळ्यांत आहे, माझ्या नाही. माणूस हाताने कोपरा फाडतो तेव्हा तो सरळ फाटतो. तुझ्या पत्राचा ओला होऊन वाळलेला, आणि त्याच्यावर चार दातांच्या खुणा. चारच दात उरलेत हे तूच राखीच्या पत्रात लिहिलं होतंस. चैतरामने माझ्या हातात पत्र दिलं त्याच घटकेला मला कळलं होतं की सौंदडला कोणी मेलेलं नाही. आणि ज्याचे दात होते तो अजून चावतो आहे.

मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिलकने म्हटलं असतं, मग कायले जायचं? आणि चारशे माणसांना मी काय सांगितलं असतं, कुत्र्याला बघायला चालले? पत्र उघडू दिलं नाही, कमरेला खोचलं, तोंडाला पदर लावला. गोरेगावपर्यंत सगळे समजत होते मी रडते आहे. पदराच्या आत मला हसू आवरत नव्हतं. कोहमाऱ्यानंतर मात्र खरंच रडू आलं, कारण तोवर मनात आलं की पत्राला चार दिवस लागले आहेत.

म्हणून विचारलं, आहे ना.

तेव्हा तू मला फसवलंस असं गावात सांगत फिरू नको. आपण दोघांनी मिळून अकरा माणसांना फसवलं, आणि त्यातला सगळ्यात हुशार भाग त्याने केला.

फाटक्या कोपऱ्याचं पत्र घरात ठेवू नये म्हणतात. माझ्या पेटीत आता दोन आहेत. एक त्याने चावलेलं, एक मी. मी गेले की तिलक फाडेल, तोवर राहू दे.

सोमवारच्या गाडीने येते आहे. शपथ संपली, आता यायला कोणतंही कारण लागत नाही. स्टेशनवर येऊ नको, तुझा हर्निया सांभाळ, मी रिक्षा करीन. नवी गोधडी आणते आहे, ती खरंच तुझ्या गुडघ्यांसाठी. रुख्माला सांग, उंबऱ्यात अंथरायची नाही.

तरी मी आले की आत घे म्हणून घाई करू नकोस. उंबऱ्यात जरा थांबेन, सवयीने खाली बघेन. मग येते आत.

तुझी बाई